सातव्या प्रश्नाचं उत्तर

फॉर्मवर एकूण अकरा प्रश्न होते. सातवा असा: उपकरणाचा पाण्याशी किंवा अन्य द्रवाशी संपर्क आला होता का? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. मी 'नाही'वर खूण केली आणि आठव्या प्रश्नाकडे वळले. सत्तावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, खोटं बोलणाऱ्या पोरांना तासन्तास वर्गाबाहेर उभं केलं. माझ्यावर वेळ आली तेव्हा समोरचा चहा गार व्हायच्या आत मी खोटं बोलून मोकळी झाले होते.

फॉर्म धाकट्या भावाच्या नावाचा होता, कारण वस्तू त्याने तिकडे, परदेशात विकत घेतली होती. पण ती वस्तू आमच्या सांडोरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर मेलेली पडली होती, म्हणून उत्तरं मी भरत होते.

वस्तू म्हणजे बाबांचे कान. दोन भाग होते तिचे. एक काडेपेटीएवढा माइक, तो बोलणाऱ्याच्या समोर ठेवायचा. दुसरा कानांवर चढवायचा हेडफोन. मध्ये वायर नाही. वसईच्या डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन बाबांनी कधीच खणात टाकलं होतं. ते शिट्ट्या मारायचं, पंख्याची घरघर, कावळे, भांडी, सगळं एकाच मापाने कानात ओतायचं, आणि माणसाचं बोलणं तेवढं त्यात बुडून जायचं. भावाने पाठवलेल्या यंत्रात उलटं होतं. माइकसमोरचा माणूस तेवढा ऐकू यायचा, बाकी जग गप्प.

बाबा चौऱ्याऐंशीचे. आयुष्यभर केळीची वाडी केली आणि रविवारी देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गायनमंडळात खालच्या पट्टीत गायले. आवाज अजून तसाच आहे, भरदार. तोच त्यांच्या मुळावर आला.

आमच्यात कुमसार करतात, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. देवळात एका बाजूला लाकडी खोकं असतं. जाळीपलीकडे फादर बसतात, अलीकडे आपण गुडघे टेकून कुजबुजायचं. बहिऱ्या माणसाला कुजबुजता येत नाही, कारण आपला आवाज किती मोठा आहे हेच त्याला कळत नाही. चार वर्षांपूर्वी ईस्टरच्या आधी, रांगेत तीसेक माणसं उभी असताना, खोक्यातून बाबांचा आवाज सगळ्या देवळात घुमला: "शेजाऱ्याची बोरवेल आटावी म्हनून मी देवाकडे मागना केला!" शेजारी रांगेत तिसरा होता. तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला. त्याची बोरवेल त्याच उन्हाळ्यात खरोखर आटली होती, हे आणखी वाईट.

बाबांना हे मी घरी येऊन पाटीवर लिहून सांगितलं. सांगायला नको होतं. त्या दिवसापासून त्यांनी कुमसार सोडली, आणि कुमसार नाही म्हणून कम्युनियनही सोडलं, कारण कबूल न केलेलं पाप पदरी असताना वेदीवरची ती पवित्र भाकर घेता येत नाही. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, सगळा बाक उठून वेदीकडे जायचा आणि हा माणूस एकटाच गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहायचा. गावात नजर चुकत नाही कुणाची. म्हातारबाबांच्या पोटात काय आहे, असं लोक मला आडून विचारायचे.

मी म्हटलं, चिठ्ठी लिहा. ते म्हणाले, "लिवलेला ऱ्हाते. आन कोनाच्या तरी हाती लागते." तेव्हाचे फादर म्हणाले, माझ्या घरी या, दार लावून बसू. बाबांना तेही नको, कारण फादरांकडे स्वयंपाकाला येणारी बाई आमच्या गल्लीतली. शिवाय त्यांचं एक स्वतःचं शास्त्र होतं: माफी कानाने ऐकली तरच मिळाली म्हणायची. एवढं काय पाप आहे तुमचं, असं मी चिडून एकदा पाटीवर लिहिलं, तर त्यांनी फडकं घेऊन ते पुसलं आणि केळीला पाणी द्यायला निघून गेले.

नाताळात भावाच्या ओळखीचं कुणीतरी ते यंत्र घेऊन आलं. पहिल्याच दिवशी मी माइक ओट्यावर विसरले आणि भाजी चिरताना सवयीने पुटपुटले, "थेरड्याला आता रोज तीन वेळा ताजं जेवण पाहिजे." बाहेरून आवाज आला, "थेरडा कोन?" मी विळीवरून उठून बाहेर गेले तर बाबा हेडफोन घालून हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मीही रडले. बारा वर्षांनी माझ्या बापाने माझं साधं बोलणं ऐकलं होतं, भले शिवी का असेना.

"आता करीन कुमसार," ते म्हणाले. "हळू बोलायला पन जमेल. माजाच आवाज मना आयकू येते."

इथवर सगळं सरळ होतं. पण आमच्या गावात कुठलीही नवी वस्तू आशीर्वादाशिवाय वापरत नाहीत. घर, रिक्षा, पाण्याचा पंप, फ्रिज, सगळ्यांवर फादर प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडतात. मग ज्या यंत्रातून माफी ऐकायची ते तसंच कसं चालेल? शनिवारची कुमसार ठरली, त्याच्या आधीच्या रविवारी फादर घरी आले. तरुण, उत्साही, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी हात आखडता घेऊन दोन थेंब टाकले. बाबांना पटलं नाही. "झाकनावर पानी मारून काय उपेग, फादर? आत लागला पायजे," असं म्हणून त्यांनी माइकच्या बॅटरीची डबी स्वतः नखाने उघडली आणि हेडफोनच्या मऊ गाद्या काढून आतली जाळी पुढे केली. फादर माझ्याकडे बघत होते. मी काय बोलणार? नाही म्हणावं तर पवित्र पाण्याला नाही म्हटल्यासारखं. त्यांनी पुन्हा शिंपडलं. बाबांनी बोट दाखवलं, "हिकडे पन." फादरांनी तिकडे पण शिंपडलं.

बुधवारी यंत्र खरखरलं. गुरुवारी बंद पडलं. शनिवारी बाबा कुठेच गेले नाहीत.

मग सुरू झाला तो पत्रव्यवहार. मी परदेशातल्या कंपनीला इमेल केला, त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं, फार सभ्य भाषेत: जिथे विकत घेतलं त्याच देशात वॉरंटी चालते. इथल्या शाखेला फोन केला, ते म्हणाले हे मॉडेल आम्ही भारतात विकत नाही, तुमचं यंत्र आमच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. भावाकडे पाठवावं तर कुरियरवाला बॅटरी असलेलं पार्सल घेईना. बॅटरी काढावी तर ती आत डकवलेली, काढली की सील तुटतं, आणि सील तुटलं की वॉरंटी जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी भाऊ तिकडे दुकानात जाऊन भांडला, तेव्हा त्यांनी मार्ग काढला: फॉर्म भरा, जवळच्या मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी करून घ्या, दोष आमचा निघाला तर आमच्या खर्चाने नवीन पाठवू.

तो हा फॉर्म. सातव्या प्रश्नावर मी खरं लिहिलं असतं तर तिथेच सगळं संपत होतं. आणि मनात म्हटलं, ते काही साधं पाणी नव्हतं. किती सोयीचा विचार!

तपासणी केंद्र निघालं बोळिंजला. बोळिंजला मी सहसा जात नाही. मी तिशीची असताना तिथल्या एकाचं स्थळ आलं होतं, पोस्टात होता. घरी येऊन गेला, आमच्या वाडीत फिरला, केळीच्या घडाला हात लावून म्हणाला, असं पिवळं मी कधी पाहिलं नाही. मला तो आवडला होता. पण त्यांच्याकडून पुढे निरोपच आला नाही. आई त्याच वर्षी गेली होती. बाबा म्हणाले, मोठी मानसा, आपन त्यांच्या मनात भरलो नसू. मग भाऊ परदेशी गेला, मी शाळेत कायम झाले, आणि घरातही. आता तिथे उंच उंच इमारती आहेत, कुणाचं घर कुठे होतं ते कळत नाही. तरी मी रिक्षातून उतरताना पदर नीट केला. वय झालं तरी काही सवयी जात नाहीत.

काउंटरवरच्या मुलीने माइक आत नेला, वीस मिनिटांनी बाहेर आणला. "मॅडम, आतमध्ये एक व्हाइट स्टिकर असतो. पाणी लागलं की रेड होतो. तुमचा एकदम फुल रेड आहे. आणि फॉर्मवर तुम्ही 'नाही' टाकलंय." तिने ते रागाने म्हटलं नाही, पण मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं. मी विचारलं, दमटपणाने नाही का होत, वसईची हवा... ती म्हणाली, "दमट हवेने पिंक होतो मॅडम. हे टाकलेलं पाणी आहे." अहवालात तिने लिहिलं: द्रव शिरला आहे, ग्राहकाने दिलेली माहिती चुकीची.

संध्याकाळी भावाचा फोन. "ताई, अगं मी त्यांच्याशी तावातावाने भांडलो. माझी बहीण टीचर आहे, ती खोटं लिहिणार नाही, असं त्यांच्या मॅनेजरला सांगितलं मी. काय केलंत तुम्ही त्याचं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. हे दुसरं खोटं. खरं सांगितलं असतं तर त्याने बाबांना व्हिडिओवर पाटी धरून झापलं असतं, मी ओळखते त्याला. तो म्हणाला, दुसरं घेतो, पण पोस्टाने येणार नाही, नाताळात कुणी आलं तर. बाबांना मी नाताळ असं लिहून दाखवलं. त्यांनी त्या शब्दावरून बोट फिरवलं. "तवर मी हाय काय?" म्हणाले.

फुलपाड्यात एक जुना दुरुस्तीवाला आहे, पूर्वी रेडिओ करायचा, आता काहीही करतो. त्याच्याकडे गेले. त्याने सील तोडलं, भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. "बाई, नुसतं पाणी असतं तर सुकलं असतं. बोर्ड खाल्लाय ह्याचा. खारं पाणी गेलंय. समुद्रात पडलं होतं काय?" मला एकदम आठवलं. आमचे फादर तरुण असले तरी जुन्या पद्धतीने पाण्यात आशीर्वादित मीठ घालतात. मी म्हटलं, हो, समुद्रात. तिसरं. तो म्हणाला, हा बोर्ड इथे मिळत नाही आणि दुसरा ह्यात बसत नाही, आणि दोन्ही भाग रुमालात बांधून माझ्या हातात दिले.

घरी बाबांनी कंपनीविरुद्ध आघाडी उघडली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की परदेशी लोक म्हाताऱ्यांना फसवतात. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तेव्हा मिस्सेनंतर त्यांनी फादरांना गाठलं आणि सगळ्यांदेखत मागणी केली की त्या कंपनीला सद्बुद्धी मिळावी म्हणून रविवारी प्रार्थना घ्या. फादरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "टीचर, नक्की बिघडलं काय?" आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हटलं, तपास चालू आहे. चौथं.

मला रात्री झोप लागेना. राग सगळ्यांचाच येत होता. कंपनीचा, कारण ती बरोबर होती. फादरांचा, कारण ते चांगले होते. बाबांचा तर विचारूच नका. रोज सकाळी हा माणूस पाटी पुढे करायचा, "फोन आला?" आणि मी लिहायची, "बघतायत." पन्नाशी उलटलेली बाई मी, स्वतःच्या घरात गुन्हेगारासारखी वावरत होते, आणि दार उघडून कुठे जावं अशी जागा नव्हती. गेले तर ह्यांना जेवायला कोण घालणार?

ईस्टर जवळ आला तसं मलाही कुमसारीला जावंच लागलं. जाळीपलीकडे तेच फादर. मी डोळे मिटून म्हटलं, "मी चार वेळा खोटं बोलले, घरी पाटीवर रोज लिहिते ते वेगळंच. एकदा फॉर्मवर, एकदा भावाशी, एकदा दुरुस्तीवाल्याशी. आणि एकदा, पाणी कसलं ते माहीत असून, फादरांशी."

"कसलं पाणी?"

"तुमचंच, फादर."

पलीकडे खोकल्यासारखं काहीतरी झालं, ते हसत होते की काय मला अजून माहीत नाही. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एवढंच सांगितलं: घरी जा आणि वडिलांना खरं सांगा. कुमसारीत ऐकलेलं फादरांना बाहेर बोलता येत नाही, त्यामुळे त्या दिवसापासून तेही अडकले. बाबा कंपनीचा विषय काढायचे आणि फादर फरशीकडे बघायचे.

पाटीवर मला लिहववेना. लिवलेला ऱ्हाते, हे त्यांचंच. म्हणून तीन-चार दिवसांनी एका सकाळी वाडीत त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, त्यात बेंबीच्या देठापासून ओरडलं तर थोडं शिरतं, आणि ओरडले. "बाबा! कंपनीची चूक नाही! पाणी आपणच घातलं!" केळीवरचे बगळे उडाले. बाबांनी कान आणखी जवळ आणला. मी पुन्हा ओरडले, "फॉर्मवर मी खोटं लिहिलं! तुमच्याशीपण खोटं बोलले!" कुंपणापलीकडे शेजारी पंप चालू करायला वाकला होता, तो तसाच वाकून राहिला.

"मना ठावक हाय," बाबा म्हणाले. "डबी मीच उघडली ना."

"मग बोलला का नाही?"

"तू भांडत होतीस. मना वाटला, जिंकशील."

मी मातीत बसले. हसू येत होतं, रडूही. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शेजाऱ्याकडे बघून विचारलं, "ह्याने आयकला काय?" शेजाऱ्याने मान डोलावली. बाबांनी हात झटकले. "तुजा ह्याने आयकला, त्याने तुजा काय बिघाडला?" ते म्हणाले. "मी शनिवारी जातॅ."

त्या शनिवारी देवळात रांग मोठी होती. बाबा खोक्याकडे निघाले तसे लोक चुळबुळले. मी बाकावर बसले होते, जीव मुठीत धरून. तेवढ्यात शेजारी उठला. त्याने खिशातून जपमाळ काढली आणि खणखणीत आवाजात रोझरी, म्हणजे मण्यांवरची प्रार्थना, सुरू केली. दोन माणसांनी साथ दिली, मग दहांनी, मग सगळ्या देवळाने. बाबांचा आवाज खोक्यातून येत होता, पण शब्द कळत नव्हते. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. ज्याची बोरवेल आटावी म्हणून माझ्या बापाने देव पाण्यात ठेवले, तोच गळ्याच्या शिरा ताणून त्याची लाज राखत होता.

पण रोझरीत दर दहा मण्यांनंतर, म्हणजे दहा वेळा नमो मारिया म्हटल्यावर, एक थांबा येतो. पुढचं रहस्य, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रातला पुढचा प्रसंग, सांगेपर्यंत सगळे श्वास घेतात. पहिल्या थांब्याला बाबाही थांबले होते. दुसऱ्याला थांबले नाहीत.

"बोळिंजवाल्यांचा होकार आला होता. पोरगी तयार नाय, असा मीच कलवला. बायको गेलेली. घर कोन बघनार होता, फादर?"

शेजाऱ्याने पुढचं रहस्य न सांगताच नमो मारिया सुरू केली, सगळे घाईघाईने त्याच्यामागे लागले. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि म्हणूनच मला कळलं की सगळ्यांनी ऐकलंय. माझ्या हातात माळ होती, ती कुठल्या मण्यावर होती मला सांगता येणार नाही. मला ते पिवळं आठवलं. असं पिवळं मी कधी पाहिलं नाही, म्हणाला होता. होकार आला होता.

बाबा बाहेर आले, माझ्या शेजारी बसले. फादरांनी काय म्हटलं ते त्यांना ऐकू आलं नसणार, पण चेहरा धुतल्यासारखा झाला होता. मग ते माझ्या कानाशी वाकले, आणि आपण कुजबुजतोय अशा समजुतीने, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं विचारलं, "बाय, कोनी आयकला नाय ना?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की तिथेच उठून निघून जावं असं वाटलं, बोळिंजला, कुठेही. त्यांनी माझा हात धरला होता.

मी मान हलवली. नाही.

ईस्टरला, चार वर्षांनी, बाबा कम्युनियनच्या रांगेत उभे राहिले. मी त्यांना बाकाच्या टोकापर्यंत पोहोचवलं आणि परत जागेवर येऊन बसले. पुढे जाऊन त्यांनी वळून पाहिलं, हाताने खूण केली, चल. मी गुडघ्याकडे बोट दाखवलं. दुखतोय, अशी खूण केली.